नेट गेलं की वाय-फाय? आधी एवढं शोधा

नाशिक रोडकरांनो, नेट मधेच जाऊन आपोआप परत येत असेल, तर लगेच नवा राउटर घेऊ नका. बिघाड नेमका कुठे आहे, हे घरबसल्या कळतं.

लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुतेक 192.168.1.1) सतत पिंग लावा, दुसरीत इंटरनेटवरच्या 8.8.8.8 या पत्त्याला. विंडोजवर शेवटी -t हा पर्याय जोडला की पिंग थांबत नाही. नेट गेल्यावर फक्त दुसरी अडली, तर दोष बाहेरच्या लाइनचा. दोन्ही अडल्या, तर राउटर, त्याचा अॅडॉप्टर किंवा ती केबल. केबलवर दोन्ही सुरळीत आणि मोबाइलवरच त्रास, तर वाय-फाय.

लाइनचा संशय असेल आणि कनेक्शन फायबरचं असेल, तर राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलाय का पाहा. राउटरच्या सेटिंग पानावर बहुतेकदा ऑप्टिकल पॉवर दिसते. ती साधारण उणे 8 ते उणे 27 डीबीएममध्ये हवी. उणे 27 च्या काठावर असेल, तर दाराच्या फटीत दबलेली किंवा काटकोनात वाकलेली फायबर आधी तपासा. हे फार जण विसरतात!

जेल रोड, उपनगरच्या दाट इमारतींत 2.4 गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी असते. चॅनेल 1, 6 किंवा 11 च ठेवा, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. जवळ बसत असाल तर सरळ 5 गिगाहर्ट्झ.

राउटरचा अपटाइमही (तो सलग किती वेळ चालू आहे) बघा. नेट गेल्यावर दरवेळी तो शून्यापासून सुरू होत असेल, तर बहुधा वीज क्षणभर जातेय किंवा अॅडॉप्टर थकलाय. तक्रार करताना पिंग तुटल्याचा स्क्रीनशॉट आणि त्या वेळा लिहून जोडा.