पंखा नसलेला संगणक आणि आपला काटा



गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका रात्री दोनच्या सुमारास आपल्या काट्यावरचा संगणक बंद पडला, हे अनेकांना आठवत असेल. ज्यांचा ऊस त्या रात्री यार्डात उभा होता त्यांना तर नक्कीच. ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, वजन घटते, साखर उतरते. बैलगाडीवाल्यांची बैलं तर जुंपलेलीच. काटा कारकुनांनी पावत्या हाताने लिहून दिल्या. खालचे लोडसेल आणि वजनाचा आकडा दाखवणारे यंत्र व्यवस्थित चालू होते. संगणक फक्त तो आकडा नोंदवतो आणि पावती छापतो. पण हे रात्री दोन वाजता कोणाला पटणार? सकाळी शेतकी ऑफिसात तक्रार आली, "साहेब, आमच्या ट्रॉलीला टनभर कमी लावलं." आम्ही ती तक्रार वावगी म्हणत नाही. छापील पावती नसली की शंका येणारच.

संगणकाचा डबा उघडला तेव्हा आतल्या पंख्यावर बगॅसच्या भुशाची अक्षरशः घोंगडी बसलेली. पंख्याचे कामच मुळी बाहेरची हवा आत ओढायचे, आणि आपल्या यार्डातली हवा म्हणजे धूळ, भुसा आणि मळीचा चिकट वास. वारा अडला की आतली चिप तापते, आणि फार तापली की ती जळू नये म्हणून संगणक आपणहून बंद होतो. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता, ते यंत्र या जागेसाठी घडवलेलेच नव्हते. एसी ऑफिसातले टेबल गृहीत धरून केलेली वस्तू आपण काट्यावर आणून ठेवली होती.

यावर उपाय म्हणजे बिनपंख्याचा संगणक. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पाती असतात, तीच युक्ती. चिपची उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून थेट डब्याच्या कवचाला नेतात आणि कवचावरच्या पात्यांतून ती हवेत जाते. डब्याला भोक नाही, म्हणून भुसा आत जात नाही. फिरणारी हार्ड डिस्कही नसते. मात्र चिप कमी वीज खाणारी घ्यावी लागते, कारण पंख्याविना कवचाला जेवढे झेपेल तेवढीच उष्णता आत निर्माण व्हायला हवी. अशा वस्तूची रचना करणारे लोक म्हणूनच चित्र काढण्याआधी हिशेब करतात: किती वॅट, बाहेरचे ऊन किती, हात लावला तर किती चटका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे त्या हिशेबात यायलाच हवे. (डबा गरम लागला म्हणून घाबरू नये. उष्णता बाहेर आली, एवढाच त्याचा अर्थ.)

अशा रचनेचे यंत्र आपल्याला नवे नाही. आपण सर्वांनी त्याचे बटण दाबलेले आहे. मतदान यंत्र! ते प्रथम १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर वापरले गेले. कायद्यात तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान मान्य केले नाही. १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रे लागली. बनवतात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. पण त्याच्या रूपरचनेचे काम आपल्या महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या प्राध्यापकांनी केले. हे केंद्र १९६९ चे. ते यंत्र जरा आठवून पाहा. बॅटरीवर चालते, लाइटची वाट पाहत नाही. अधिकाऱ्याचा भाग वेगळा, मतदाराचा वेगळा, मध्ये पाच मीटरची केबल. निकालाची बटणे झाकणाआड, आणि त्या झाकणाला सील. आणायला-न्यायला मुठीची पेटी. रचना म्हणजे रंगरंगोटी नव्हे; कोण कुठे उभा राहणार, कोणाचा हात कुठे जाणार आणि कुठे जाता कामा नये, हे आधी ठरवणे.

आम्ही हाच धडा काट्यावर गिरवला, तोही चुकत चुकत. संगणक येण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून केबिनमध्ये तीन जागी ठेवून पाहिला. कारकून हसले. खिडकीजवळच्या जागी पावती देताना त्यांचाच कोपर लागायला लागला, तेव्हा हसणे थांबले. मग खरा डबा आला आणि चोरीच्या भीतीने आम्ही तो कुलपाच्या लाकडी पेटीत बसवला. दुपारी बंद! पात्यांना हवाच नाही तर पाती काय करणार?

पेटी काढली. डबा भिंतीवर बसवला, तर भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की भिंतच थरथरे. आता जमिनीत गाडलेल्या लोखंडी अँगलवर त्याची पट्टी बसवली आहे. अशा डब्यांच्या मागे साधारणतः चार भोके चौरसात असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची. टीव्ही भिंतीला लावायच्या पट्टीलाही हीच मापे चालतात, त्यामुळे पट्टी बाजारात सहज मिळाली. पट्टी आणि डबा यांच्यामध्ये रबरी वॉशर, तेही ट्रॅक्टरच्या दुकानातले. पाती उभी ठेवली, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा येते. आडवी ठेवली तर भुसा साचतो. केबलींना वेगळा चिमटा लावला, नाहीतर कोणी तरी ओढायचेच.

स्क्रीन मात्र अजून आमच्या मनासारखी बसलेली नाही. वजनाचा आकडा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसालाही दिसावा असे आमचे मत आहे, आणि सकाळी त्या बाजूने ऊन येते. येत्या मोळीपूजनापूर्वी स्टँड दोन ठिकाणी ठेवून बघणार आहोत. बसमतकडून येणारी वाहने ज्या बाजूने काट्यावर चढतात, तिथे उभे राहून आकडा वाचता येतो का, हे सभासदांनी आपापल्या चिटबॉयमार्फत किंवा स्वतः येऊन शेतकी ऑफिसात सांगावे. चष्मा असलेल्यांनी तर जरूर यावे.