घरच्या मत्स्यपेटीतील लाट

बंगळूर शहराच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. पूर्वेस चेन्नईला जा अथवा पश्चिमेस मंगळूरला, समुद्र गाठण्यास सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी घरात सागरी मत्स्यपेटी ठेवू पाहणाऱ्याला मीठमिश्रण विरघळवून खारे पाणी तयार करता येते, दिव्यांच्या साहाय्याने उजेडही देता येतो. साधा पंप पाणी वाहते ठेवतो, परंतु तो एकाच दिशेने व एकाच वेगाने. लाट ही निराळी गोष्ट आहे.

किनाऱ्यावरील खडकांवर पाणी येते, क्षणभर थांबते आणि परत फिरते. खडकाला चिकटून राहणाऱ्या जिवांना अन्न व प्राणवायू शोधत हिंडता येत नाही. ते त्यांच्यापर्यंत पाण्यानेच आणून द्यावे लागते. त्यांच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पाण्याच्या पुढेमागे होणाऱ्या हेलकाव्याने तो वारंवार विसकटतो, आणि अंगावर साचलेला गाळही धुऊन निघतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी याच हेतूने आपल्या प्रवाळ-पेटीत पाण्याने भरताच उलटणारी पन्हळे वापरली. होनोलुलूच्या वाइकिकी मत्स्यालयातील ब्रूस कार्लसन यांची युक्ती त्याहून साधी आहे, कारण तिच्यात हलणारा भाग एकच, तो म्हणजे पंप. बाकीचे काम वक्रनलिका, म्हणजेच सायफन, करते.

वक्रनलिका आपल्याला अपरिचित नाही. वसुदेवाच्या प्याल्यात पाणी ओतत गेल्यास ते बाळकृष्णाच्या पायाला लागताच प्याला आपोआप रिता होतो. मूर्तीत दडवलेल्या वाकड्या नळीचा हा प्रताप. आपल्या यंत्रात प्याल्याच्या जागी बादली येते व ती पेटीच्या वर ठेवली जाते. पंप पेटीतील पाणी संथपणे बादलीत चढवतो आणि नळी ते एकदम खाली सोडते.

येथे एक अडचण उद्भवते, आणि बहुतेकांचे यंत्र याच ठिकाणी अडते. प्याल्यातील नळी बारीक असल्याने ती पाण्याने सहज भरते. लाटेसाठी लागणारी रुंद नळी तशी भरत नाही. पाणी बाकावरून नुसते झिरपत राहते, लाट येतच नाही. यावर उपाय म्हणजे नळीचे पेटीतील तोंड पाण्याखाली बुडवणे. मग नळीत हवा कोंडली जाते. तोंड ५ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर बादलीतील पाणी बाकाच्या ५ सेंटिमीटर वर चढेपर्यंत ही हवा त्याला अडवून धरते. त्यानंतर पाणी बाक ओलांडते, हवेला आपल्याबरोबर ओढून नेते, आणि अडवलेले सारे पाणी वेगाने खाली कोसळते.

एक उदाहरण घेऊ. बादलीचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. आतल्या नळीचे तोंड तळापासून ३ सेंटिमीटरवर, तर बाकाची खालची कड १५ सेंटिमीटरवर आहे. बाहेर जाणारी नळी बादलीच्या तळातून टँक-निपल बसवून काढली आहे. पाणी २० सेंटिमीटरपर्यंत चढून ३ सेंटिमीटरपर्यंत उतरते, म्हणजे दर खेपेस सुमारे १२ लिटर पाणी सुटते. मिनिटाला ६ लिटर देणारा पंप दर दोन मिनिटांनी एक लाट देईल; २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून पाणी उतरण्यास पंधरा सेकंदांच्या आसपास लागतील. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो, हे विसरू नये. पंप फार मोठा घेतल्यास नळीत हवा शिरण्याची वेळच येत नाही व पाणी अखंड वाहत राहते.

नळी ५ ऐवजी १२ सेंटिमीटर बुडवली, तर पाणी २७ सेंटिमीटरपर्यंत चढल्याखेरीज लाट सुटणार नाही. त्याआधीच ते २४ सेंटिमीटरवरील जादा पाण्याच्या वाटेने पेटीत परतेल. ही वाट ठेवणे अनिवार्य आहे. बाकाजवळचा सांधा हवाबंद नसल्यास कोंडलेली हवा निसटते आणि पुन्हा तेच झिरपणे सुरू होते. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे नऊ-दशांश असतो, पण इतक्या आखूड नळीला त्याने काही बाधा येत नाही.

खरा धोका पेटीच्या काठाशी असतो. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या पेटीत १२ लिटर पाणी आले की पातळी ३ सेंटिमीटर वाढते. तेवढी जागा आणि वर उसळीपुरती थोडी अधिक मोकळी राखावी. नळीची बुडणी पेटीतील पातळी सर्वांत खाली असताना मोजावी. पंपाच्या नळीचे तोंड बादलीत पाण्याच्या वर असावे, नाहीतर वीज गेल्यावर बादलीतील पाणी उलट्या वाटेने पेटीत उतरेल. भरलेली बादली वीस किलोच्या घरात जाते. भिंतीतल्या दोन खिळ्यांवर तिचा भार सोपवू नये. वसुदेवाचा प्याला पितळेचा शोभतो, पण येथे पितळेचा नळ वा तांब्याचा सांधा चालणार नाही; खाऱ्या पाण्यात सुटणारे तांबे कवचधारी व मृदुकाय जिवांना विषासमान असते. कूलरचा पंपही लोखंडी भाग गंजत असल्याने टाळावा.

पेटीत काय ठेवावे, याला कायद्याची मर्यादा आहे. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. शैलभित्ती रचणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. समुद्री शेवाळ व लहान मासे यांनाही या लाटेचा लाभ होतो: शेवाळाची पाने हेलकावत उजेडात येतात, तर फुटणाऱ्या पृष्ठभागातून पाण्यात प्राणवायू मिसळतो. मात्र त्याच फुटण्याने खारे तुषार उडतात व दिव्यांवर मीठ जमते. दिव्यांखाली काच बसवावी आणि ती दर आठवड्याला गोड्या पाण्याने पुसावी.