डोनटचा दिवस

जून महिन्यातला पहिला शुक्रवार. आपल्याकडे तेव्हा नव्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याची धांदल चालू असते. अमेरिकेत मात्र हा दिवस 'राष्ट्रीय डोनट दिवस' म्हणून पाळतात. डोनट म्हणजे मैद्याचा तळलेला गोड पदार्थ. दिसायला मेदुवड्यासारखा, मध्ये भोक असलेला. तुम्ही म्हणाल, खाण्याच्या पदार्थाचा कसला आला दिवस! उद्या कोणी शीरखुर्म्याचाही दिवस काढील. तुमचे म्हणणे खरे आहे. पण हा दिवस मुळात डोनटचा नाहीच. तो डोनट तळणाऱ्या हातांचा आहे.

हे हात होते 'साल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती सेवासंस्थेतील स्त्रियांचे. मराठीत या संस्थेला मुक्तिफौज म्हणतात. 'फौज' हा शब्द तर तुमच्या घरचाच! या फौजेत गणवेश असतो, कॅप्टन आणि जनरल असतात, पण बंदूक नसते. विल्यम बूथ आणि त्यांची पत्नी कॅथरिन यांनी १८६५ साली लंडनच्या पूर्व भागात हे काम सुरू केले. तिथे गरिबी, दारू आणि बेकारी यांनी माणसे पिचून गेली होती. भुकेल्या माणसाला नुसता उपदेश करून भागत नाही, हे बूथ यांनी ओळखले. १८७८ साली संस्थेला 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव मिळाले.

तिच्या कामाचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्या काळी आगकाडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेमुळे कारखान्यातील कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. या कामगारांत गरीब बायका आणि मुली पुष्कळ होत्या. तांबडा फॉस्फरस वापरला तर हा रोग टळत होता, पण तो महाग पडे. म्हणून मालक तिकडे वळत नसत. तेव्हा मुक्तिफौजेने १८९१ साली लंडनमध्ये स्वतःचाच आगपेट्यांचा कारखाना काढला. तिथे तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. धंदा म्हणून तो फार वर्षे टिकला नाही. मात्र कामगाराचा जीव न घेताही आगकाडी तयार होते, हे लोकांना दिसले. पुढे १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांवर बंदी घालणारा कायदा केला.

आता डोनटकडे येऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ साली उतरली. तिचे सैनिक फ्रान्समध्ये लढायला गेले. त्या वेळी अमेरिकेतील मुक्तिफौजेच्या प्रमुख होत्या बूथ यांची कन्या इव्हँजेलिन. त्यांनी सैनिकांच्या सेवेसाठी आपली माणसे फ्रान्सला पाठवली. त्यांत स्त्रियाही होत्या. छावणीत सतत पाऊस, चिखल आणि घराची आठवण. या पोरांना घरच्यासारखे काहीतरी खायला द्यावे, असे हेलन पर्व्हायन्स आणि मार्गारेट शेल्डन यांच्या मनात आले. पण द्यायचे काय? जवळ होते पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यातले दूध. लाटणे नव्हते, म्हणून बाटलीने लाटले. तळायला एक लहानसे भांडे, त्यात एका वेळी सातच डोनट मावत. पहिल्या दिवशी त्यांनी १५० डोनट केले. गणित करून पाहा : बावीस घाणे होतात! वास दरवळला तशी सैनिकांची रांग लागली. पुढे हे डोनट रोज हजारांनी होऊ लागले.

या स्त्रिया फक्त तळत बसल्या नाहीत. त्यांनी सैनिकांचे फाटके कपडे शिवले, तुटलेली बटणे लावली, घरी पत्रे लिहायला मदत केली. उर्दूत आपण ज्याला खिदमत म्हणतो, ती याहून वेगळी काय असते? मुक्तिफौज धर्मप्रचारही करते, हे लपवण्याचे कारण नाही. पण गरजूला मदत करताना भेदभाव करायचा नाही, हा नियमही तिने स्वतःला घालून घेतला आहे.

या सेवेची आठवण म्हणून आणि मंदीत होरपळलेल्या गरिबांसाठी पैसा उभा करावा म्हणून शिकागोच्या मुक्तिफौजेने १९३८ साली डोनट दिवस सुरू केला. तो आजही पाळला जातो. आता मात्र त्या दिवशी अनेक दुकाने गिऱ्हाइकांना फुकट डोनट वाटतात. फुकट डोनट खाणाऱ्याला त्या चिखलातल्या छावणीची गोष्ट कोणी सांगितलेली असतेच असे नाही. पदार्थ लक्षात राहिला, हात विसरले गेले.

या फौजेचा आपल्याशीही संबंध आहे. फ्रेडरिक टकर नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. त्यांनी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडली आणि १८८२ साली मुंबईच्या बंदरावर उतरून भारतात मुक्तिफौजेचे काम सुरू केले. ते भारतीय पोशाख घालत, अनवाणी चालत. नावही त्यांनी बदलून 'फकीरसिंग' असे घेतले. मुंबईच्या रस्त्यांवर मिरवणुका काढल्या म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना अटकही केली. साहेबानेच साहेबाला पकडले!

आणि अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, मुक्तिफौजेचे एक जुने रुग्णालय आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा तिथेही रुग्णांवर उपचार झाले. लोक त्याला नुसते 'बूथ हॉस्पिटल' म्हणतात. पूर्ण नाव आहे 'इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल'. तिकडे तुमचे कोणी मामू किंवा खाला राहत असतील, तर ही इव्हँजेलिन कोण, हे त्यांना विचारून पाहा. त्यांना ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगा.