जनरल थोरातांचे टिपण

पूर्व विभागाच्या लखनौ येथील लष्करी मुख्यालयातून ऑक्टोबर १९५९ मध्ये दिल्लीस रवाना झालेल्या एका टिपणाची हकिगत हा, माझ्या समजुतीप्रमाणे, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्राचा गाभा होय. आणि तरीही त्यांच्या छातीवरील पदकांपैकी एकही त्या टिपणासाठी मिळालेले नाही.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाची दारे हिंदी तरुणांना अगदी मोजक्या जागांपुरती किलकिली झाली होती, त्या काळात त्यांनी तेथील शिक्षण पुरे केले आणि १९२६ मध्ये बादशाही सनद मिळवून ते पुढे पायदळात, पहिल्या चौदाव्या पंजाब पलटणीत, रुजू झाले. हिंदी अधिकाऱ्यांसाठी म्हणून सरकारने ज्या आठ तुकड्या नेमून दिल्या होत्या त्यांपैकी ही एक. पुढे पाकिस्तानचे सर्वाधिकारी झालेले अयूबखान आणि आझाद हिंद सेनेचे शाहनवाजखान हेही हिच्यातलेच. एकाच पलटणीच्या भोजनगृहात बसलेल्या माणसांच्या वाटा इतक्या निरनिराळ्या दिशांना फुटाव्यात, हा त्या पिढीचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

त्यांचे नाव लष्करात गाजले ते आराकानच्या किनाऱ्यावर. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जपान्यांची वाट तोडण्यासाठी कांगॉ या खाडीकाठच्या गावाभोवती जी घनघोर लढाई झाली, तीत पंचविसाव्या हिंदी डिव्हिजनची एक्कावन्नावी ब्रिगेड उतरली होती. या ब्रिगेडचा प्रमुख इंग्रज, परंतु तिच्या तिन्ही पलटणींचे अधिपती हिंदी होते: हैदराबाद पलटणीचे थिमय्या, बलूच पलटणीचे एल. पी. सेन आणि दुसऱ्या पंजाब पलटणीचे थोरात. हिंदी माणसास शंभर-सव्वाशे शिपायांची कंपनी चालवता येईल, पलटण नव्हे, असे ज्या सैन्यात उघड बोलले जाई, त्या सैन्यात हा प्रसंग म्हणजे एक परीक्षाच होती. ‘मेलरोझ’ असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर संगिनींनी आणि हातबाँबनी हातघाईची झुंज झाली आणि ती टेकडी थोरातांच्या पलटणीने सर केली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हे मानचिन्ह मिळाले. या तीन नावांची गाठ वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा पडणार आहे.

कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले, तरी मायदेशी परतण्यास राजी नसलेल्या कैद्यांचा प्रश्न उरलाच, आणि त्यांच्या रखवालीचे काम भारताच्या अंगावर आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि रखवालदार फौजेचे सेनापती मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय शिपायाचे पाऊल आपल्या भूमीस लागू देणार नाही अशी अट घातल्यामुळे, इंचॉन बंदरातील जहाजांवरून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे बावीस हजारांहून अधिक कैदी, त्यांतले बहुतेक चिनी, कट्टर आणि संघटित. प्रत्येक आवारात त्यांचे आपापले पुढारी आणि आपापला अंमल. त्यांनी एकदा एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात शस्त्र न घेता आत शिरले, त्या जमावाशी बोलत राहिले आणि अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. गोळीबाराचा हुकूम देणे त्यांच्या हाती होते; पण त्या एका गोळीने आयोगाचे सारे काम तिथल्या तिथे संपले असते, हे ते जाणून होते. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, द्वितीय वर्ग, देण्यात आले. आज त्यास कीर्तिचक्र म्हणतात. कांगॉच्या टेकडीहून मला हे धैर्य अधिक अवघड वाटते, कारण त्यात हात बांधून घ्यावे लागतात.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजूच्या चौकीवर चिन्यांनी हल्ला केला आणि ईशान्य सीमेच्या रक्षणाचा भार लष्कराकडे येऊ लागला. त्याच सुमारास थोरातांनी ते टिपण लिहिले. त्याचा आशय रोखठोक होता: मॅकमहोन रेषेवरच्या चौक्यांनी शत्रूची खबर द्यावी, त्याला थोडे थोपवावे आणि मागे यावे, खरा मुकाबला मात्र आपले रस्ते व रसद जेथे पोहोचते अशा बोमडिलासारख्या मागच्या फळीवर करावा, जेणेकरून दमलेला, पुरवठ्यापासून दूर पडलेला शत्रू आपल्या आटोक्यात येईल. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या नावाने नकाशांवर व्यूहाभ्यास भरवून, उपलब्ध फौज या कामास किती अपुरी आहे तेही त्यांनी दाखविले. सरसेनापती थिमय्यांनी टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठविले. मेनन यांना ती भीती अतिरंजित वाटली, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या मागे थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने सेवाज्येष्ठ थापर यांना नेमले. ज्येष्ठतेचा शिरस्ता पाळला गेला, त्यात गैर काही नाही. पण ज्या माणसाने संकटाचा नकाशा आखला तो त्याच महिन्यात सेवेतून बाहेर पडला, आणि लखनौची त्याची खुर्ची कांगॉचे सहकारी सेन यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात नामका चू नदीकाठी चिनी लोटले, तेव्हा आपले जवान पुढच्या उघड्या खोऱ्यात, तुटपुंज्या रसदेनिशी उभे होते. नोव्हेंबरात सेला आणि बोमडिलाही पडले. सेन यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु पुढे सरकून चौक्या मांडण्याचे धोरण दिल्लीत ठरत होते, आणि कांगॉतला शूर सेनानी त्या धोरणाचा अंमलदार झाला होता.

युद्धानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. थोरातांनी ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या आपल्या आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, ते टिपण आपल्यापर्यंत का आले नाही असा प्रश्न पंतप्रधानांनी केला, आणि त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरातांनी त्यांना सांगितले. तोवर मेनन मंत्रिमंडळात नव्हते. थोरातांनी पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले, कोल्हापुरास वास्तव्य केले, आणि टिपणाची ही सारी हकिगत १९८६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. १९९२ च्या ऑगस्टात, शहाऐंशीव्या वाढदिवसास दोन दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.