वीजदर ठरताना आपलेही म्हणणे मांडा



विजेचा दर वर ठरतो, आपण फक्त बिल भरायचं, असं पारावर नेहमी ऐकू येतं. ते तितकंसं खरं नाही. दर ठरवतो तो 1999 साली स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 प्रमाणे वीज कंपनीला आपला दरप्रस्ताव थोडक्यात छापून जाहीर करावा लागतो. त्यावर लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत आदेश द्यायचा असतो. हरकत घ्यायला वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते.

ती नोटीस वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते, चटकन नजरेस पडत नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांना लक्ष ठेवायला सांगा. हरकत कुठे, किती तारखेपर्यंत पाठवायची ते तिच्यातच असते. सुनावणीत स्वतः बोलायचे असेल तर तसे अर्जात लिहा.

आता बोलायचं काय? "दर परवडत नाही" एवढ्याने भागत नाही. ते सगळेच म्हणतात. आपल्याजवळ हिशेब हवा.

मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर येतं. त्याने वीज किती ओढली हे मोजलेलं नसतं, अंदाजानं धरतात. अंदाज जादा धरला की तारांमधली गळती आणि चोरी तेवढी कमी दिसते, आणि ती वीज शेतकऱ्याच्या नावावर पडते! पाच अश्वशक्तीचा पंप तासाला ढोबळमानाने पावणेचार युनिट घेतो. आठ तास चालला तर 30 युनिट. पण वीज पाचच तास आली असेल, तर 19 च्या वर जाईल कशी? म्हणून विहिरीवर एक वही ठेवा. वीज किती वाजता आली, किती वाजता गेली, रोज लिहा. एकाच फीडरवरच्या दहा जणांच्या वह्या जुळल्या, तर त्या हरकतीला वजन येतं.

कोणी म्हणेल, 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली, आता कशाला ही उठाठेव? पण त्या विजेचे पैसे सरकार भरतं, म्हणजे हिशेब राहतोच. शिवाय घरचं आणि पिठाच्या गिरणीचं बिल आहेच.

चुकीचं बिल किंवा जळालेला डीपी यांची तक्रार मात्र या सुनावणीत नेऊ नका. ती आधी कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यापुढे मुंबई व नागपूर येथील विद्युत लोकपाल.