ऑफिसचे नेट बंद? गेटवे बायपास करण्याआधी हे तपासा

महापे-ऐरोलीच्या आयटी पट्ट्यात ऑफिसचे नेट गेले आणि गेटवेवर ‘कनेक्शन एरर’ झळकली, की मागणी होते: ‘तात्पुरता गेटवे बायपास करा.’ गेटवे म्हणजे कंपनीचे अंतर्गत नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधला तपासणी नाका. तो वगळला की नेट कदाचित सुरू होईल, पण तपासणी बंद पडेल.

आत शिरलेला व्हायरस काय करतो, हे शेजारच्या न्हावा शेवा बंदराने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने मर्स्क समूहाच्या यंत्रणा जगभर ठप्प केल्या. त्यात जेएनपीटीतील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’लाही फटका बसला. हा व्हायरस युक्रेनमधील एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला आणि अंतर्गत नेटवर्कवरून एका कम्प्युटरमधून दुसऱ्यात पसरत गेला.

मग दोष शोधायचा कसा? आधी केबल आणि पोर्टचा दिवा बघा. नंतर थेट गेटवेवरूनच इंटरनेट कंपनीच्या राउटरला पिंग करा. काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून ८.८.८.८ हा बाहेरचा आयपीही तपासा. आयपी लागतो, पण वेबसाइटचे नाव सापडत नाही? मग संशय डीएनएसवर. नाव सापडूनही अपडेट सर्व्हर जोडला जात नसेल, तर ४४३ पोर्ट कुठे अडतोय ते शोधा.

घड्याळ मात्र हमखास विसरले जाते. वीज गेल्यावर गेटवेची तारीख मागे गेली, तर सर्टिफिकेट अवैध ठरते आणि धडधाकट लाइनवरही एरर येते.