किबेऱ्यांतील विकतचें पाणी

सकाळीं नळाला पाणी तासभर उशिरां आलें, तर घरांत केवढी तारांबळ उडते, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. पूर्व आफ्रिकेंत केनियाची राजधानी जें नैरोबी शहर, तेथील किबेरा वस्तींत बहुतेक घरांना नळच नाहीं. दहाबारा फूट लांबीरुंदीची एक खोली, मातीच्या भिंती, वर गंजलेले पत्रे. चूल, अंथरूण आणि मुलेंबाळें सारीं त्यांतच.

येथील गृहिणी वीस लिटरचा डबा घेऊन पाणी विकणाऱ्याकडे जाते. टंचाई पडली कीं डब्याचा भाव चढतो. जवळच्या श्रीमंत वस्त्यांत मात्र पाणी थेट घरांत येतें, आणि तेंच स्वस्त पडतें! गरिबाचें पाणी महाग कां, हेंच आम्हांस साऱ्या प्रकरणाचें मर्म वाटतें.

त्याचें उत्तर जमिनींत आहे. इंग्रजांच्या लष्करांतील सुदानी शिपायांना विसाव्या शतकाच्या आरंभीं ही जागा राहावयास मिळाली. त्यांच्या न्युबी भाषेंत ‘किब्रा’ म्हणजे रान. मालकीचा कागद मात्र मिळाला नाहीं. १९६३ सालीं देश स्वतंत्र झाला, खेड्यांतून माणसें कामासाठीं येत राहिलीं, तरी जमीन सरकारचीच राहिली. न्युबी समाजाच्या हातीं २८८ एकरांचा कागद पडला तो २०१७ सालीं. बाकीचे बहुतेक भाडेकरी. जी वस्ती कायद्याला ठाऊकच नाहीं, तिला जलवाहिन्या व गटारें कशाला, असा न्याय कित्येक दशकें चालला. (येथें दहा लक्ष लोक राहतात असें पुष्कळदां छापून येई; २००९ च्या खानेसुमारींत ते सुमारें एक लक्ष सत्तर हजार भरले. मोजदादीलाही वस्ती अशी पारखी!)

विक्रेत्यांच्या पातळ नळ्या उघड्या गटारांतून गेलेल्या. त्या फुटल्या कीं घाण आंत शिरते. एका शौचकूपावर अनेक कुटुंबें, आणि रात्रीं अंधारांत तेथवर जाणें बायकांना भयाचें. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवींत विधि उरकून ती दूर फेकण्याची रीत पडली. तिला लोक ‘उडतें शौचालय’ म्हणतात. नांव ऐकून हंसूं येतें, पण ती पिशवी शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडते आणि पावसांत पुन्हा पाण्यांत उतरते. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत येथील विषमज्वराचें प्रमाण पश्चिम केनियांतील खेड्यांहून कितीतरी अधिक आढळलें, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांत तें सर्वांत जास्त. अशा घरांत रोजची मजुरी औषधांत जाते, आणि आजाऱ्याला पाजावयाचें पाणी पुन्हा त्याच डब्यांतलें.

किबेऱ्यांतच वाढलेले केनेडी ओडेडे यांनीं २००४ सालीं ‘शोफको’ ही संस्था सुरू केली. तिनें नळ्या जमिनींतून न नेतां उंच खांबांवरून नेल्या आहेत. गटाराचा स्पर्श नाहीं, आणि चोरून जोड घेणेंही अवघड. युक्ति साधी, पण आम्हांस ती फार आवडली. तिच्या नळांवर पाण्याचा भाव कमी असतो. डबा मात्र अजून विकतच घ्यावा लागतो.